सीटखालची मूठभर नागली

५ ऑक्टोबर, रविवार

आज सकाळी अंघोळ करून, दिवा लावून मी मशीनचं सीट उचललं. हवेची जाळी साफ करायची होती. जाळीच्या डब्याशेजारी, वायरींच्या जुडग्यावर मूठभर नागली, म्हणजे नाचणी, पडलेली होती. हाताला थोडी दमट लागली. मी ती ओंजळीत घेतली, कपाळाला लावली, खालची जागा ओल्या फडक्याने पुसली, सुकू दिली आणि दाणे होते तिथे परत ठेवले. मग सीट बसवलं.

दाणे सुकरी आतेचे. ती आमच्या पाड्याची सुईण, माझ्या बापाची चुलत बहीण. अडलेल्या बाईला आम्ही झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत न्यायचो, तेव्हा आते झोळीच्या कापडाच्या टोकाला मूठभर नागली बांधायची. बाई रिकामी जाऊ नये, कणसरी, आमची धान्याची माय, तिच्यासोबत असावी म्हणून. आता झोळी गेली. मागच्या उन्हाळ्यात एका संस्थेने पाड्याला ही एटीव्ही दिली. मोटरसायकलसारखं हँडल, चार जाड चाकं, दोघं मागे बसतील एवढं लांब सीट आणि त्याच्या मागे लोखंडी कॅरिअर. वांगणी गावाच्या वरची आमची वाट जीपला जमत नाही, हिला जमते. तरुणपणी मी रेतीबंदरावर रेती उपसायची इंजिनं चालवली होती, म्हणून चालवायला मला ठेवलं. बांधायला कापड नाही, तेव्हा आते दाणे सीटखाली ठेवते.

काल पाड्यातल्या चंदनाला बाळंतपणाला नेताना मशीनने दगा दिला. मोठ्या चढावर नारिंगी दिवा लागला आणि जोर गेला. रेस पिळली तरी मशीन म्हाताऱ्या बैलासारखं सरकत राहिलं. शेवटचा चढ चंदना पोटाला हात लावून चालली. वर अॅम्ब्युलन्स उभी होती म्हणून निभावलं.

आज बटण दाबून धरलं तर काचेवर आकडे आले. एकावन्न आणि चार. रेतीबंदरावर इंजिनचं दुखणं कानाने कळायचं. पेचकसाचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावायची. हे इंजिन आकड्यांत बोलतं. राग यायच्या ऐवजी मला गंमतच वाटली. एवढ्या लहान काचेमागे बसून कोण बोलत असेल?

संस्थेचे नितीन सर फोनवर म्हणाले, "लाडकादादा, नोव्हेंबरच्या मध्याला आढावा आहे. भरवसा नसेल तर मशीन दुसऱ्या तालुक्यात द्यावं लागेल. तिथेही बायका आहेतच." त्यांचं चूक नाही. पण माझी पुष्पा पहिल्या बाळंतपणाला घरी आली आहे, आणि उपकेंद्राच्या जयश्री सिस्टरने तिची तारीखही नोव्हेंबरच्या मध्याचीच दिली आहे.

७ ऑक्टोबर

मशीनसोबत आलेलं पुस्तक इंग्रजीत आहे. पुष्पा बारावी शिकली. ओट्यावर पाय पसरून तिने वाचून दाखवलं. पहिला आकडा दुखणारा भाग सांगतो, दुसरा दुखण्याची जात. एकावन्न म्हणजे थ्रॉटलचा सेन्सर, म्हणजे रेस किती पिळली हे इंजिनला कळवणारा भाग. चार म्हणजे त्याच्याकडून येणारं व्होल्टेज कमी.

"म्हणजे याला पण माझ्यासारखंच झालंय, बाबा," ती म्हणाली. "चढ आला की धाप."

नाशिकला पंकज नावाचा मेकॅनिक आहे, संस्थेच्या गाड्या तोच बघतो. त्याला आकडे सांगितले. तो म्हणाला, आधी सेन्सरचा कनेक्टर काढून साफ करा, वायर बघा. मी कनेक्टर साफ केला. वायर वरून ठीक दिसली. मीच हट्ट धरला की सेन्सर नवा पाठवा. आकडा नाव घेऊन सांगतो आहे, मग दुसरं काय बघायचं?

१२ ऑक्टोबर, रविवार

सेन्सर एसटीने जव्हार डेपोत आला. बसवला. वावर गावापर्यंत एकटा जाऊन आलो, नारिंगी दिवा नाही. नितीन सरांना कळवलं. त्यांनी अंगठ्याचं चित्र पाठवलं.

एक गोष्ट लिहून ठेवतो. सीटखालची नागली निम्म्यावर आली आहे. सीटला कुलूप असतं आणि चावी माझ्याकडे. आते मागते तेव्हाच मी देतो. बराच वेळ त्या दाण्यांकडे पाहत उभा राहिलो. माणूस म्हणतो आपण देवाला देतो, पण देव घेतो की नाही हे कुणी पाहिलंय? गेलेल्या दाण्यांच्या जागी थोडा कोंडा तेवढा उरला होता. मी हात जोडले.

माझ्या बायकोची, हौशीची मांजर हल्ली मशीन सोडत नाही. इंजिनची ऊब आवडत असेल.

१७ ऑक्टोबर, वाघबारस

वाघदेवाला नारळ दिला. मशीन धुऊन झेंडूची माळ घातली. आतेने सीटखाली नव्या नागलीची मूठ ठेवली, जुनी संपत आली होती. "माय खाते रं," ती म्हणाली. तिलाही ते दिसलं होतं तर.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

पुन्हा एकावन्न आणि चार. नव्या सेन्सरसकट.

पाड्यातल्या शीलाला ताप चढला होता. जयश्री सिस्टर तिला धरून मागे बसल्या होत्या. त्याच चढावर तोच दिवा. सिस्टर उतरून मागून ढकलू लागल्या, तेव्हा कुठे वर पोचलो.

पंकजला फोन केला. तो हसला. "दादा, पोट दुखतं म्हणून कुणी पोटच बदलतं का? कोड सांगतो कुठे दुखतंय. का दुखतंय ते तुम्ही शोधायचं. कधी होतं ते बघा. थंड असताना की गरम? ओलं की कोरडं? रिकामं की भरलेलं?"

मी विचार करत बसलो. एकटा गेलो की होत नाही. बाई बसली की होतं. हे पाड्यातल्या लोकांनी माझ्याआधी ओळखलं आहे. विहिरीवर बोलणं चाललंय की मशीनला बाईमाणसाचा भार चालत नाही. हौशी मला न विचारता काळ्या भगताकडे गेली. त्याने सुपात तांदूळ टाकून पाहिले आणि सांगितलं, "याला आतून कोण तरी खातंय."

"कोण?" मी विचारलं.

"तो मी नाय विचारला," हौशी म्हणाली. "एकाच कोंबडीत एवढाच सांगतो तो."

२८ ऑक्टोबर

आज भाराची परीक्षा घेतली. भाताचं पोतं कॅरिअरवर बांधून चढ चढलो. दिवा नाही. दुसरं पोतं चढवलं. मशीन कण्हलं, पण दिवा नाही. मग पोती उतरवून हौशीला म्हटलं, "बस."

"मी पोता हाय काय?"

"पोत्याने होत नाही. तुझ्याने होतं का बघायचंय."

ती बसली आणि वाटेभर बोलत राहिली. लग्नाला इतकी वर्षं झाली, कधी जव्हारच्या बाजारात गाडीवर मिरवली नाही, आता मशीन बिघडवायला बरी आठवण झाली. चढाच्या मध्यावर दिवा लागला. एकावन्न, चार.

"बघ," ती म्हणाली, "तुझ्या मशीनलापण माझा बोलना सोसत नाय."

दोन पोती हौशीपेक्षा कितीतरी जड. मग मशीनला भात आणि हौशी यांतला फरक कुठून कळतो? दुपारभर डोक्यात तेच. भाताची झोडणी राहिली. खरं सांगायचं तर चिंता असूनही मला बरं वाटत होतं. शाळेत गणित सुटत आलं की वाटायचं, तसं काहीतरी.

२९ ऑक्टोबर, बुधवार

सुटलं.

पोतं बसतं कॅरिअरवर, आणि कॅरिअर चौकटीला बोल्टने आवळलेलं. माणूस बसतं सीटवर. सीट दबतं. सीटखाली वायरींचं जुडगं आहे, माझ्याखाली नाही, मागे बसणाऱ्याच्या खाली.

सीट काढलं, इंजिन चालू केलं आणि जुडगं तळहाताने दाबत गेलो. एका जागी इंजिनचा आवाज पडला आणि दिवा लागला. हात काढून इंजिन बंद करून परत चालू केलं, तर आवाज नीट. वरचं काळं वेष्टण उलगडलं. आतून पोखरलेलं. सेन्सरची तार सोललेली, तांबं उघडं, दाबली की खालच्या लोखंडाला टेकणारी. रेस सेन्सर बरोबर सांगत होता. त्याचं बोलणं वाटेतच जमिनीत जात होतं. वेष्टणाच्या पोकळीत कापसासारखा गोळा, त्यात कोंडा. आणि लेंड्या. त्या कुणाच्या हे मला शेतकऱ्याच्या पोराला कुणी सांगायला नको.

मी तिथेच खाली बसलो. देवी घेते म्हणून मी हात जोडले होते. मांजर शेजारी बसून माझ्याकडे पाहत होती.

तार कापून नवा तुकडा जोडला, टेप गुंडाळली, वर पाइपचं कवच चढवलं. हौशीला बसवून चढ चढलो. दिवा नाही. नितीन सरांना कळवलं, वायर घासली होती, दुरुस्त झाली. घासली होती, असंच कळवलं.

उरलेली नागली वाटीत काढून ठेवली होती. सीट बसवायच्या वेळी ती हातात घेतली. टाकवेना. पुष्पाच्या वेळी हौशीला झोळीतून नेलं होतं. ओहोळाला पाणी होतं, वाटेत हौशी बोलायची थांबली होती. आतेने झोळीच्या टोकाची ती गाठ हौशीच्या मुठीत दिली आणि म्हणाली, माय सोबत हाय, सोडू नको. हौशीने सोडली नाही. आज पुष्पा ओट्यावर बसून मला इंग्रजी वाचून दाखवते. मग मी तिला रिकाम्या मशीनवर कशी नेऊ?

दाणे परत ठेवले.

२ नोव्हेंबर

मन लागत नाही. उंदीर येतो दाण्यांना. दाणे असेपर्यंत येणारच. हे मला कळतं. पुष्पा त्या सीटवर बसेल तेव्हा दाणे हवेत, हेही मला वाटतं. दोन्ही एकाच डोक्यात कशी राहतात कुणास ठाऊक. संध्याकाळी देवापुढे बसलो तेव्हा विचारलं. देव काही आकड्यांत बोलत नाही.

५ नोव्हेंबर, पौर्णिमा

काल कुणाला न सांगता दाणे काढून कोंबड्यांना टाकले. मला वाटलं, आतेला कळणार नाही.

आज एका पोराला लसीसाठी न्यायचं होतं. आतेने मूठ ठेवायला सीट उचललं आणि थबकली. "दाने कोनी काढला?"

मी टायरची हवा बघत होतो. बघतच राहिलो.

आतेने जयश्री सिस्टरकडे पाहिलं. सिस्टर स्वच्छतेबद्दल नेहमी बोलतात, हात धुवा, कापड उकळा. "तू शिकलेली हाय," आते म्हणाली, "पन तुझ्या आयसला पन कोनी सुईनीनंच सोडवली असंल."

"मावशी, मी हातसुद्धा नाही लावला हो," सिस्टर म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला. आतेने नवी मूठ ठेवली आणि सिस्टरकडे पाठ करून निघून गेली.

मी वाकून नळी टायरला लावली. पंप मारत राहिलो. टायर फुगून दगड झाला तरी मारत होतो.

९ नोव्हेंबर, रविवार

सकाळी सीट उचललं. आतेची मूठ संपली आहे, पाइपच्या कवचाच्या टोकाशी दातांच्या नव्या खुणा. तार अजून शाबूत आहे, टेप गेली आहे. परत गुंडाळली.

नितीन सर सतरा तारखेला येणार. सिस्टर आणि आते बोलत नाहीत. सिस्टर असल्या की आते येत नाही, आते असली की सिस्टर दुसऱ्या वाटेने जातात. पुष्पाला दोघी लागणार आहेत. एका मुठीने किती ठिकाणी कुरतडलं, आणि मी सगळीकडे टेप लावत फिरतो आहे.

ठरवलं. आतेला सांगायचं.

१० नोव्हेंबर

आतेच्या घरी गेलो. तिने नागलीची भाकर आणि सुक्या मासळीची चटणी वाढली. जेवलो. पावसाबद्दल बोललो, भाताबद्दल बोललो. निघताना ती म्हणाली, "काय सांगाया आलेलास?"

"काही नाही. सहज."

"सहज कोन एवढा चढ चढून येतं?"

मी परत आलो.

१२ नोव्हेंबर

पुष्पा म्हणाली, "बाबा, तुमचा चेहरा बघून मला वाटतं कळा तुम्हालाच येणार आहेत."

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. जव्हार

हे दवाखान्याच्या आवारात, झाडाखाली बसून लिहितो आहे.

पहाटे उजाडताना पुष्पाला कळा सुरू झाल्या. सिस्टर वस्तीलाच होत्या. त्यांनी तपासलं, अॅम्ब्युलन्सला फोन केला आणि म्हणाल्या, आता निघायला हवं. हौशीने गाठोडं बांधलं. मी मशीन अंगणात आणलं. तेवढ्यात आते आली. डाव्या हाताने पदर सावरत, उजव्या हाताची मूठ मिटलेली. सिस्टर बाजूला सरकल्या.

आतेने माझ्यापुढे चावीसाठी हात केला. मी चावी दिली नाही. सीटवर हात ठेवला.

"आते, इथे नको."

"का?"

"दाण्यांना उंदीर येतात. ते वायर खातात. सीटवर बाई बसली की ती वायर दबते आणि मशीन बंद पडतं. चंदनाला चालावं लागलं ते त्याच्यामुळे. मागचे दाणे सिस्टरने नाही काढले. मी काढले."

आतेची मूठ तशीच मिटलेली होती. दाराला धरून पुष्पा उभी होती, तिचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

"तुना कवा कळला?" आतेने विचारलं.

"दिवाळी झाल्यावर."

"आन आज सांगतंस."

"हो."

"त्या दिवशी माझी भाकर खाऊन गेलास, तवा तोंडात काय होता?"

"भाकरच होती, आते."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मला वाटलं, आता ही माघारी फिरणार. मग ती म्हणाली, "उंदीर काय तूच पायलास? माझा जनम गेला उंदरात. कणगीला उंदीर लागला तं मी दाने टाकते का? जागा बदलते. झोळी होती तवा झोळीला बांधला. पोर झाला की गाठ सोडून दाने कोंबड्यांना. रातभर कवाच नाय ठेवला. हा तुझा मशीन आला आन मीच इसरली. सोडायला गाठच नाय, तं कोन सोडंल?"

"आते," दारातून पुष्पा म्हणाली, "काय बांधायचं ते बांध ना गं लवकर."

आते तिच्याजवळ गेली. पुष्पाच्या पदराच्या टोकात मूठ रिकामी केली, गाठ मारली आणि ती गाठ तिच्या हातात दिली. मग सिस्टरकडे वळून म्हणाली, "तू धर तिला मागून. माझा हात आता थरथरतो." एवढंच. सिस्टरने मान हलवली आणि त्या मागे बसल्या. हौशी आणि आते पायवाटेने निघाल्या.

मोठ्या चढावर माझी नजर वाटेवर कमी आणि काचेवर जास्त होती. पुष्पा माझ्या पाठीला डोकं टेकून होती. जिथे दिवा लागायचा तो दगड आला. मागे गेला. काचेवर फक्त वेग दिसत होता, बैलगाडीचा असावा तेवढा. इंजिनचा आवाज कुठेही पडला नाही. मी रेतीबंदरावर ऐकायचो तसा कानाने ऐकत होतो.

अॅम्ब्युलन्स वर उभी होती. मी मशीन तिथेच बाजूला लावून पुढे बसलो. हौशी आणि आते मागाहून जीपने आल्या.

दुपारी पुष्पाला मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. आतेने आत जाऊन गाठ सोडली आणि दाणे आवाराच्या कडेला चिमण्यांना टाकले. येऊन माझ्याशेजारी बसली. सिस्टरने दोघांना चहा आणून दिला. आतेने त्यातला अर्धा बशीत ओतून सिस्टरपुढे सरकवला.

नितीन सरांना फोन करून सगळं सांगितलं, वायर घासली नव्हती हेही. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "दादा, हे आधी सांगितलं असतं तर मी आढाव्याचा धाक घातला नसता. मशीन तिथेच राहू दे. पण पुन्हा मला अर्धं सांगू नका."

नाही सांगणार, म्हटलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी जव्हारहून पहिल्या एसटीने आलो. मशीन कालच्या जागी उभं होतं. पाय धुतले, उगवतीला हात जोडले आणि सीट उचललं. कोपऱ्यात, फडकं पोचत नाही तिथे, जुन्या नागलीचे काही दाणे अडकले होते. एकेक करून बोटाने काढले, कपाळाला लावले आणि वाटेच्या कडेला टाकले. ओल्या फडक्याने जागा पुसली, सुकू दिली.

या खेपेला काही परत ठेवलं नाही. सीट बसवून कुलूप लावलं.